थंड हवामानातील स्वयंचलित गिअरबॉक्स

मोटारगाडीतील स्वयंचलित गिअरबॉक्स (बोलीभाषेत ऑटोमॅटिक गिअर) हा मुख्यतः तेलाच्या दाबावर चालतो. थंडीत हे तेल दाट होते. त्यामुळे इंजिन सुरू केल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत गिअर लागण्यास किंचित उशीर होणे, वरचा गिअर नेहमीपेक्षा उशिरा पडणे, हलका धक्का जाणवणे आणि इंधन अधिक खर्च होणे अशी लक्षणे दिसतात. तेल तापल्यावर ती नाहीशी होतात. यातील काही लक्षणे तेलाच्या दाटपणामुळे उद्भवतात, तर काही गाडीच्या नियंत्रक संगणकाने यंत्राच्या रक्षणासाठी हेतुपुरस्सर घडवून आणलेली असतात.

एकाच लक्षणाचा अर्थ प्रदेशानुसार बदलतो. लेहमध्ये उणे 15 अंश सेल्सिअस तापमानाच्या पहाटे गिअर लागण्यास तीन सेकंद लागणे स्वाभाविक असू शकते. रत्नागिरीत 20 अंश तापमानाच्या पहाटे तसेच घडले, तर त्याचे कारण हवामानात नव्हे, गाडीत शोधावे लागते. कोकणातील वाहनधारकाच्या दृष्टीने या विषयाचे महत्त्व मुख्यतः या निदानात आहे.

रचना आणि तेलाचे कार्य

हाताने गिअर बदलण्याच्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लचची तबकडी असते. पारंपरिक स्वयंचलित गाडीत तिच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो. तेलाने भरलेल्या बंद भांड्यात समोरासमोर ठेवलेले दोन पंखे, अशी त्याची ढोबळ कल्पना करता येते. इंजिनाला जोडलेला पंखा तेल फिरवतो आणि त्या तेलाच्या वेगाने दुसरा पंखा फिरतो. दोहोंच्या मध्ये असणारे तिसरे चक्र तेलाचा प्रवाह वळवून गाडी उचलताना लागणारे परिबल वाढवते. या तत्त्वाचा मूळ शोध जर्मन अभियंता हेरमान फ्यॉटिंगर यांनी जहाजांसाठी लावला. त्याचे पेटंट 1905 सालचे आहे.

टॉर्क कन्व्हर्टरच्या मागे ग्रहमालेसारखी रचना असलेली दंतचक्रे असतात. मध्यभागी सूर्यचक्र, त्याभोवती फिरणारी ग्रहचक्रे आणि सर्वांना वेढणारे बाह्यचक्र यांपैकी कोणते रोखायचे आणि कोणते फिरू द्यायचे यावर गिअर ठरतो. हे रोखण्याचे व सोडण्याचे काम लहान लहान क्लच करतात. हे क्लच तेलाच्या दाबाने आवळले जातात. दाब निर्माण करणारा पंप सर्वसाधारणपणे इंजिनावरच चालतो आणि तो दाब योग्य त्या क्लचकडे वळवण्याचे काम अनेक बारीक झडपा असलेला एक ठोकळा करतो. गॅरेजमध्ये त्यास व्हॉल्व्ह बॉडी म्हणतात.

म्हणजेच तेलास येथे चार कामे करावी लागतात : शक्ती पुढे पोहोचवणे, क्लच आवळण्यासाठी दाब देणे, भागांचे वंगण करणे आणि निर्माण होणारी उष्णता वाहून नेणे. इंजिन ऑईलच्या तुलनेत गिअरबॉक्सचे तेल तापमानातील बदलास अधिक संवेदनशील का मानले जाते, हे यावरून स्पष्ट होते. ते केवळ वंगण नसून यंत्राचा एक कार्यकारी भाग आहे.

तापमान आणि श्यानता

द्रवाच्या वाहण्यास होणाऱ्या अंतर्गत विरोधास श्यानता म्हणतात. हिवाळ्यात गोठलेले खोबरेल तेल बाटलीतून बाहेर येत नाही आणि उन्हात ठेवल्यावर लगेच वाहू लागते, हा अनुभव घरोघरी असतो. गिअरबॉक्सचे तेल खोबरेलाप्रमाणे नेहमीच्या थंडीत गोठत नाही, मात्र तापमान उतरत जाईल तसे ते अधिकाधिक दाट होत जाते.

प्रचलित स्वयंचलित गिअर तेलांची श्यानता 100 अंश सेल्सिअसला साधारण 6 ते 7 सेंटिस्टोक असते, तर 40 अंशांना ती 30 ते 35 सेंटिस्टोकच्या आसपास जाते. केवळ 60 अंशांच्या फरकाने तेल सुमारे पाचपट दाट होते. तापमान आणखी उतरल्यास ही वाढ अधिक वेगाने होते. अतिथंड प्रदेशांचा विचार करून तेलाच्या मानकांमध्ये उणे 40 अंशांवरील दाटपणाची कमाल मर्यादाही ठरवलेली असते.

गिअरबॉक्सच्या तेलाचे नेहमीचे कार्यतापमान साधारण 80 ते 95 अंश सेल्सिअस असते. गिअरबॉक्सच्या दृष्टीने थंड म्हणजे या तापमानाच्या खाली. या अर्थाने रत्नागिरीतील 25 अंशांच्या सकाळीही रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचा गिअरबॉक्स थंडच असतो. फरक प्रमाणाचा आहे. 25 अंशांना होणारा परिणाम सहसा जाणवतही नाही आणि काही किलोमीटरांत संपतो. उणे 20 अंशांना तो ठळकपणे जाणवतो.

थंडीत दिसणारी लक्षणे

गिअर लागण्यातील विलंब : निवडक दांडा ‘पार्क’वरून ‘ड्राइव्ह’ किंवा ‘रिव्हर्स’मध्ये नेल्यावर गाडीने पकड घेण्यास उष्ण स्थितीत साधारण एक-दीड सेकंद पुरतो. दाट तेल झडपांच्या अरुंद वाटांतून सावकाश वाहते, त्यामुळे क्लच भरण्यास अधिक वेळ लागतो. जुन्या गाड्यांत दीर्घकाळ उभ्या अवस्थेत टॉर्क कन्व्हर्टरमधील काही तेल खालच्या टाकीत उतरलेले असते आणि जुने रबरी सील थंडीत कडक झालेले असतात. या दोन्ही कारणांनी विलंब आणखी वाढतो.

पकड घेताना धक्का : थंड इंजिन सुरुवातीस मुद्दाम अधिक फेऱ्यांवर चालवले जाते. त्या अवस्थेत ‘ड्राइव्ह’ लावल्यास धक्का बसतो. फेऱ्या उतरेपर्यंत थांबल्यास तो टळतो.

वरचा गिअर उशिरा पडणे : एरवी ताशी 40 किलोमीटरला पडणारा गिअर थंडीत अधिक वेगावर पडतो आणि इंजिनाचा आवाज चढा राहतो. सर्वांत वरचा गिअर काही काळ मिळतच नाही.

इंधनाचा अधिक खर्च : दाट तेल ढवळण्यात शक्ती खर्च होते आणि टॉर्क कन्व्हर्टरमधील घसरण काही काळ चालू राहते. त्यामुळे थंडीत लहान लहान फेऱ्या मारणाऱ्या गाडीचे मायलेज घटते.

नियंत्रक संगणकाची भूमिका

आधुनिक गिअरबॉक्समध्ये तेलाचे तापमान मोजणारा संवेदक असतो. इंजिनाच्या शीतकाचे तापमानही संगणकास कळत असते. दोन्हींवरून तो गिअर बदलण्याचे वेळापत्रक ठरवतो. थंड अवस्थेत तो सहसा पुढील निर्णय घेतो.

वरचा गिअर तो लांबवतो, कारण इंजिन चढ्या फेऱ्यांवर राहिल्यास ते लवकर तापते आणि धुराड्यातील उत्प्रेरक परिवर्तकही लवकर कार्यक्षम होऊन प्रदूषण घटते.

टॉर्क कन्व्हर्टरमधील जोडक्लच तो लावत नाही. हा क्लच दोन्ही पंखे एकमेकांस थेट जोडून घसरण थांबवतो व इंधन वाचवतो. थंड तेलात तो नीट आवळला जाण्याची खात्री नसते. शिवाय घसरण चालू राहिल्याने तेल लवकर तापते, हा त्यातील लाभ आहे.

क्लचच्या झिजेनुसार दाब जुळवून घेण्याची स्वयंशिक्षणाची क्रिया तो थांबवतो, कारण थंड तेलातील वर्तन ही यंत्राची खरी स्थिती नव्हे.

जड वाहनांच्या काही गिअरबॉक्समध्ये तेल फारच थंड असल्यास संगणक केवळ ‘न्यूट्रल’ किंवा काही ठरावीक गिअरच उपलब्ध ठेवतो.

या व्यवस्थेतून निदानाचा एक महत्त्वाचा मुद्दा निघतो. इंजिनाचा थर्मोस्टॅट उघडा अडकल्यास अथवा तापमानाचा संवेदक चुकीचे माप देत असल्यास संगणकास गाडी कायम थंड आहे असे वाटते. अशा गाडीस उष्ण प्रदेशातही वरचा गिअर मिळत नाही आणि जोडक्लच लागत नाही. दोष अल्प खर्चाच्या सुट्या भागात असतो. तापमानाचा काटा तपासण्याआधीच गिअरबॉक्स उघडल्यास मालकास मोठा व अनावश्यक खर्च सोसावा लागतो.

प्रकारानुसार फरक

भारतात ‘ऑटोमॅटिक’ या एकाच नावाखाली निरनिराळ्या रचना विकल्या जातात. त्यांचे थंडीतील वर्तन सारखे नसते.

टॉर्क कन्व्हर्टर : वर वर्णन केलेली सर्व लक्षणे या प्रकारात दिसतात. तेलाचे प्रमाण अधिक, साधारण 6 ते 10 लिटर, असल्याने ते तापण्यास वेळ लागतो.

एएमटी : हा मुळात हातगिअरच असतो. क्लच दाबण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम मात्र चालकाऐवजी विद्युत किंवा तेलदाबावर चालणारी यंत्रणा करते. फेब्रुवारी 2014 मध्ये मारुती सुझुकीच्या सेलेरिओमधून हा प्रकार भारतातील स्वस्त गाड्यांत आला. त्याच वर्षी टाटा मोटर्सच्या डिझेल झेस्टमध्येही तो मिळू लागला. यात टॉर्क कन्व्हर्टर नसल्याने त्यासंबंधीची लक्षणे दिसत नाहीत. कडक थंडीत गिअर ऑईल दाट झाल्याने गिअर बदलताना होणारा नेहमीचा खंड थोडा लांबतो.

सीव्हीटी : यात ठरावीक गिअर नसतात. दोन कप्प्यांची रुंदी बदलून पोलादी पट्टा लहान-मोठ्या व्यासावर फिरवला जातो. पट्टा घसरू नये म्हणून तेलाचा दाब भरपूर लागतो. त्यामुळे थंड अवस्थेत एकदम जोराने ॲक्सिलरेटर दाबणे या प्रकारास विशेष हानिकारक ठरते.

दुहेरी क्लच : सम आणि विषम गिअरांसाठी दोन स्वतंत्र क्लच असतात. ओल्या प्रकारात क्लच तेलात बुडालेले असल्याने थंडीत ते किंचित ओढ देतात. कोरड्या प्रकारात हा परिणाम कमी असतो.

विद्युत मोटारींत बहुधा एकच स्थिर गुणोत्तर असते. गिअर बदलण्याचा प्रश्नच नसल्याने थंडीचा परिणाम गिअरवर नव्हे, तर बॅटरीवर दिसतो.

तेलातील सुधारणांचा इतिहास

मोठ्या प्रमाणावर उत्पादित झालेला पहिला पूर्ण स्वयंचलित गिअरबॉक्स म्हणजे जनरल मोटर्सचा हायड्रामॅटिक. तो 1940 सालच्या ओल्ड्समोबिल गाड्यांत आला. आरंभी अशा यंत्रणेसाठी स्वतंत्र तेल नव्हते. जनरल मोटर्सने 1949 मध्ये ‘टाइप ए’ हे खास तेल निश्चित केले आणि 1960च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘डेक्स्रॉन’ ही मानकमालिका सुरू केली.

क्लच मऊपणे पकडावा म्हणून या तेलांत पूर्वी स्पर्म व्हेल या देवमाशाचे तेल मिसळले जात असे. 1970च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत संकटग्रस्त प्राण्यांच्या संरक्षणाचे कायदे झाल्यावर हा वापर थांबला आणि त्याऐवजी कृत्रिम रसायने आली. पुढे शुद्धतर व संश्लेषित मूलतेलांमुळे थंडीत कमी दाट होणारी तेले शक्य झाली. 2005 मध्ये आलेल्या डेक्स्रॉन-6 या मानकातील तेल आधीच्या तेलापेक्षा पातळ असून दीर्घकाळ आपली श्यानता टिकवते. कित्येक नव्या गाड्यांत इंजिनाच्या शीतकावर गिअरचे तेल तापवणारा उष्णता-विनिमयकही असतो. तोच भाग पुढे तेल थंड राखण्यासही मदत करतो.

महाराष्ट्रातील परिस्थिती

महाराष्ट्रात गिअरबॉक्सवर लक्षणीय परिणाम होण्याइतकी थंडी मोजक्या ठिकाणी आणि मोजके दिवस पडते. नाशिक जिल्ह्यातील निफाड परिसरात हिवाळ्यातील काही पहाटे पारा 5 अंशांच्याही खाली उतरतो. महाबळेश्वरच्या वेण्णा तलाव परिसरात काही हिवाळ्यांत दवबिंदू गोठतात. अशा पहाटे पहिला किलोमीटरभर गिअर जरा उशिरा बदलणे साहजिक असते. मात्र आजच्या तेलांच्या दृष्टीने हे तापमानही सौम्यच आहे.

रत्नागिरी व कोकण

समुद्रसान्निध्यामुळे रत्नागिरीचे हवामान वर्षभर उबदार व दमट असते. डिसेंबर-जानेवारीतील पहाटेही पारा 15 अंशांखाली क्वचितच जातो. म्हणून येथे थंडीची वाटणारी लक्षणे रोज दिसू लागली, तर ती थंडीच्या नावावर घालून दुर्लक्ष करू नये. तेलाची पातळी कमी होणे, तेल जुने होणे, गाळणी तुंबणे, सील झिजणे अथवा वर सांगितल्याप्रमाणे थर्मोस्टॅट किंवा संवेदक बिघडणे ही त्यांची संभाव्य कारणे होत. आरंभी यातील बहुतेक दोष किरकोळ खर्चात दूर होतात. कमी दाबावर महिनोन् महिने गाडी चालवल्यास मात्र क्लच घसरून जळतात आणि संपूर्ण गिअरबॉक्स उघडावा लागतो.

कोकणात गिअरबॉक्सला थंडीपेक्षा उष्णतेचा धोका अधिक असतो. रत्नागिरीहून कोल्हापूरला जाताना पाली व साखरपा मागे टाकल्यावर आंबा घाट लागतो. चिपळूणहून कराडकडे जाताना कुंभार्ली घाट चढावा लागतो. भरलेली गाडी अशा चढावर अवजड वाहनांमागे मंदगतीने चालते, तेव्हा टॉर्क कन्व्हर्टरमधील घसरण सतत चालू राहते आणि तेल झपाट्याने तापते. दर 10 अंशांच्या वाढीगणिक तेलाच्या ऱ्हासाचा वेग साधारण दुप्पट होतो, असा एक स्थूल ठोकताळा आहे. उन्हाळ्यातील घाटांत जळलेले हेच तेल पुढील हिवाळ्यातील पहाटे गिअर लागण्यातील विलंबाच्या रूपाने आपली अवस्था दाखवू शकते.

दुसरा धोका पाण्याचा आहे. 22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठी नदीच्या महापुरात चिपळूण शहर बुडाले, तेव्हा असंख्य वाहने पाण्याखाली गेली. गिअरबॉक्सवरील हवेच्या नळीतून पाणी आत शिरले की तेल दुधाळ गुलाबी होते, क्लचवरील तंतुमय अस्तर फुगते आणि त्याचा चिकटलेपणा सुटतो. अशी गाडी वरवर साफ करून वापरल्यास काही आठवड्यांनी गिअर उशिरा लागू लागतात. वापरलेली स्वयंचलित गाडी विकत घेणाऱ्याने म्हणूनच तेलाचा रंग व वास पाहणे आवश्यक असते.

अतिथंड प्रदेशातील प्रवास

ऑक्टोबर 2020 मध्ये अटल बोगदा खुला झाल्यापासून मनालीकडून लाहौल खोऱ्यात हिवाळ्यातही गाडीने जाता येते. लडाख व स्पिती येथे स्वतःच्या गाडीने जाणाऱ्या महाराष्ट्रातील पर्यटकांची गाडी एरवी उबदार हवेत वापरलेली असते. तेथील रात्री तिने प्रथमच शून्याखालचे तापमान अनुभवलेले असते. निघण्यापूर्वी गिअर ऑईलची मुदत, बॅटरी आणि शीतकातील गोठणरोधकाचे प्रमाण तपासून घेणे हिताचे ठरते. उन्हाळी कोकणात शीतकात नुसते पाणी भरत गेलेली गाडी तेथे गिअरबॉक्सआधी इंजिनातच अडकते.

अमेरिका व कॅनडात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हा अनुभव दरवर्षी येतो, कारण तेथील बहुतेक गाड्या स्वयंचलित असतात. 30 जानेवारी 2019 रोजी शिकागोत पारा सुमारे उणे 31 अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता. अशा तापमानात इंजिन तापवणारे विजेचे हीटर वापरणे आणि गाडी बंद गॅरेजमध्ये ठेवणे हे थंड प्रदेशांतील नेहमीचे उपाय होत.

तेलाची पातळी तपासणे

तापल्यावर तेल प्रसरण पावते. त्यामुळे पातळी ठरावीक तापमानालाच मोजावी लागते. काही जुन्या गाड्यांच्या तेलपट्टीवर थंड व उष्ण अवस्थेसाठी वेगळ्या खुणा असतात. अनेक नव्या गाड्यांत पट्टीच नसते. तेल नेमून दिलेल्या तापमानाला असताना तळाचा बूच उघडून पातळी पाहतात. कित्येक गाड्यांसाठी हे तापमान 40 अंशांच्या आसपास असते. उष्ण प्रदेशात उन्हात उभी असलेली गाडी थंड समजून मोजणी केल्यास ती चुकते, म्हणून तापमान यंत्राने वाचणेच योग्य. तेल कमी असेल तर दाब घटतो आणि अधिक असेल तर फेस होतो. दोन्ही अवस्थांत लक्षणे जवळजवळ सारखीच दिसतात.

दक्षता

इंजिन सुरू केल्यावर अर्धा ते एक मिनिट थांबून, फेऱ्या उतरल्यावर गिअर लावावा. शून्याच्या बऱ्याच खाली तापमान असल्यास काही मिनिटे थांबावे.

पहिले काही किलोमीटर सौम्यपणे गाडी चालवावी. उभ्या गाडीत इंजिन दीर्घकाळ चालू ठेवल्याने इंजिन तापते, गिअरबॉक्स मात्र मुख्यतः चालण्यानेच तापतो.

‘रिव्हर्स’मधून ‘ड्राइव्ह’मध्ये जाताना गाडी पूर्ण थांबवावी आणि गिअर लागल्याची खात्री झाल्यावरच ॲक्सिलरेटर दाबावा.

उत्पादकाने सांगितलेल्या मानकाचेच तेल घालावे. सीव्हीटी, दुहेरी क्लच आणि टॉर्क कन्व्हर्टर यांची तेले परस्परांच्या जागी चालत नाहीत.

उतारावर गाडी उभी करताना आधी हँडब्रेक ओढून मग ‘पार्क’ लावावे. गोठवणाऱ्या थंडीत याउलट ओला हँडब्रेक चिकटून बसू शकतो. तेथे सपाट जागा निवडून ‘पार्क’ लावणे आणि चाकास उटी लावणे इष्ट.

गैरसमज

धक्का देऊन गाडी सुरू करता येते : थंडीत बॅटरी उतरल्यावर हातगिअरची गाडी उतारावर सोडून सुरू करण्याचा प्रघात आहे. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत पंप इंजिनावर चालत असल्याने इंजिन बंद असताना दाब नसतो आणि चाकांची गती इंजिनापर्यंत पोहोचत नाही. उतारावर ब्रेक व स्टिअरिंगची मदतही मिळत नसल्याने हा प्रयोग धोक्याचा ठरतो. अशा वेळी दुसऱ्या बॅटरीची जोड हाच योग्य मार्ग होय.

बंद गाडी ओढून नेण्यास हरकत नाही : याच कारणाने ओढताना गिअरबॉक्सचे वंगण बंद असते. शक्ती मिळणारी चाके जमिनीवरून उचलून किंवा संपूर्ण गाडी वाहनावर चढवूनच नेणे सुरक्षित असते.

तेल आयुष्यभर बदलावे लागत नाही : काही गाड्यांबाबत असे सांगितले जाते. घाट, उष्णता व कोंडी यांत चालणाऱ्या गाडीचा वापर मात्र बहुतेक पुस्तिकांत कठीण वापर म्हणून गणला जातो आणि त्यासाठी तेल बदलण्याची मुदत कमी दिलेली असते.

थंडीतील विलंब म्हणजे बिघाड : विलंब थोडा असेल आणि तेल तापल्यावर पूर्ण नाहीसा होत असेल, तर तो बिघाड नव्हे. तो दिवसेंदिवस वाढत असेल, तापल्यावरही टिकत असेल किंवा उबदार हवेत दिसत असेल, तर तपासणी आवश्यक ठरते.

हेसुद्धा पहा

टॉर्क कन्व्हर्टर
श्यानता
क्लच
वंगण
आंबा घाट